समजलंका गुरुजी

गोमाजी उके गुरुजींना निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं आणि त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, भावनाचं लग्न पक्कं व्हायला फक्त एक बैठक बाकी होती. मुलगा तिनंच पाहिलेला. अंकुश नंदागवळी, लाइनमन. पवनीच्या कॉम्प्युटर क्लासात दोघांची ओळख झाली, ती चार वर्षं टिकली, आणि एके दिवशी जेवताना वरणाची वाटी पुढे सरकवत भावनानं सांगून टाकलं. हरकत घेण्याजोगं काही नव्हतंच. दोन्ही घरं बौद्ध, मुलगा निर्व्यसनी, भावना स्वतः अड्याळच्या एका खासगी दवाखान्यात नर्स. अंकुशचे आईवडील शेतकरी. त्यांचं जुनं गाव गोसीखुर्दच्या पाण्यात गेलं, तेव्हा ते कोंढ्याच्या पुढे, पुनर्वसनाच्या नव्या गावठाणात राहायला आले होते.

माघ संपता संपता, एका रविवारी सकाळी ते तिघं अड्याळला गुरुजींच्या घरी आले. अंकुश, त्याचे वडील गुलाबभाऊ आणि आई गोदावरीबाई. गुरुजींच्या बायकोनं, पार्वताबाईनं पोहे केले होते. गुरुजींनी पांढरा सदरा घातला होता आणि काय काय बोलायचं ते आदल्या दिवशी कागदावर लिहूनही काढलं होतं. चौतीस वर्षं पाठाची टाचणं काढण्यात गेलेली. कागदाशिवाय त्यांना बोलता येत नसे.

"पहिली गोष्ट," गुरुजी म्हणाले, "देणंघेणं काही नाही. आमच्याकडून नाही आणि तुमच्याकडूनही नाही. समजलं का?"

"तसं नाही जी," गुलाबभाऊ म्हणाले. "आमालेबी काही नाही पायजे."

गुरुजींच्या कपाळावर बारीक आठी पडली. हा माणूस आपल्याच बाजूनं बोलतोय, मग 'तसं नाही' कशाला? त्यांनी कागदावर पाहिलं.

"दुसरी गोष्ट, लग्न साध्या पद्धतीनं. वंदना, त्रिसरण, पंचशील, मग जेवण. बॅंड नको, वरात नको. समजलं का?"

"तसं नाही जी. वरात कोणाले पायजे? उन्हाचं कोण नाचते?"

पुन्हा तेच. होकार द्यायचा तोही नकारानं सुरू करून. पोह्यांचा घास घेता घेता गुरुजी थोडे चढ्या आवाजात बोलू लागले, जसं मागच्या बाकावर कुजबुज ऐकू आली की बोलत. मंडप कुठे घालायचा, पंगत किती वाजता बसवायची, पत्रिकेत कोणाची नावं घालायची, नोंदणीसाठी कोणते कागद लागतात. एकेक मुद्दा, आणि मुद्द्याच्या शेवटी तो प्रश्न. गुलाबभाऊंनी बशीतले पोहे अर्धेच खाल्ले होते. ते आता 'तसं नाही'ही म्हणत नव्हते. खाली, स्वतःच्या तळहाताकडे पाहत होते. पार्वताबाईनं ते पाहिलं, आणि "अजी, त्याईले चहा तर घेऊ द्या," असं म्हणूनही पाहिलं.

"घेतील, घेतील. आधी नोंदणीचं सांगतो. वयाचा दाखला दोघांचा. रहिवासी दाखला. तुमच्या गावाचं नाव बदललं, तेव्हा दाखल्यावर जुनं आहे की नवं, ते पाहून घ्या. नाहीतर नंतर अडचण होते. समजलं का?"

गुलाबभाऊंनी हातातला चहाचा कप न पिताच खाली ठेवला. आवाज न करता.

"नाही समजलं," ते म्हणाले.

गुरुजी थांबले. अशा उत्तराची कागदावर सोय नव्हती.

"आमाले नाही समजलं, गुरुजी. आमी न समजणारे माणसं आहोत. तुमी आपली पोरगी समजदाराच्या घरी द्या."

आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे कोणाला मध्ये पडताही आलं नाही. गुलाबभाऊ उठले, जय भीम म्हणाले आणि पायात चपला घालून बाहेर पडले. गोदावरीबाई पार्वताबाईकडे बघत घुटमळल्या, मग पदर सावरून त्याही निघाल्या. अंकुश एका पायात बूट घालून दारात उभा राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. पण बाहेर वडिलांनी मोटारसायकलवर हात ठेवला होता, तेव्हा त्यानं दुसरा बूट घातला आणि तो गेला.

त्या दुपारी गुरुजी बराच वेळ 'तसं नाही' या दोन शब्दांवर बोलत होते. असा माणूस भावनाला रोज ऐकावा लागेल. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी तो म्हणेल, तसं नाही. कान किटले माझे एका तासात. पार्वताबाई तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अन् तुमचं?" ती म्हणाली.

"माझं काय?"

"समजलं का."

"काय समजलं का?"

"तेच ते. समजलं का, समजलं का. तुमी हर गोष्टीले म्हणता."

गुरुजींना हे खरं वाटेना. पार्वताबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुमी मले म्हटलं होतं, चुलीत ओलं लाकूड घालत जाऊ नको, धूर होते, समजलं का. मी माहेरी बारा वर्षं चूल पेटवली होती."

"मग तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

"तेव्हा नवीन होती. मंग सवय झाली." तिनं सूप पुन्हा उचललं. त्यात राग नव्हता; असता तर गुरुजींना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते सायकलची हवा भरायच्या निमित्तानं बाजारात केवळरामच्या दुकानात गेले. केवळराम पंक्चरचं दुकान चालवायचा. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या साली गुरुजी बदलून या भागात आले, तेव्हाच्या पहिल्या सातवीतला हा विद्यार्थी. आता त्याच्या कानशिलावरचे केस पिकायला लागले होते. गुरुजींनी आडवळणानं विचारायचं ठरवलं होतं, पण ते त्यांना जमत नसे.

"केवळराम, मी वर्गात एखादी गोष्ट सारखी सारखी म्हणत होतो का?"

केवळरामनं पंप मारता मारता त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चाकाकडे पाहिलं. "टेन्शन नका घेऊ गुरुजी."

"टेन्शन नाही घेत. सांग."

"राग नका मानू, पण माह्या कंपासात एक कागद राहे. त्यावर आमी रेघा मारो. पाच झाल्या की आडवी रेघ. एका तासाले बेचाळीस, तो सगळ्यात मोठा आकडा. भूमितीचा दिवस होता." तो थोडा हसला, मग त्याला गुरुजींचा चेहरा दिसला आणि त्यानं हसू आवरलं. "पोट्टे तुमाले समजलंका गुरुजी म्हणत. पण प्रेमानं जी. तुमी कधी मारलं नाही कोणाले."

"सगळे म्हणत होते?"

"मास्तरलोकं पण म्हणत. टेन्शन नका घेऊ."

हवा भरून झाली होती. गुरुजी सायकल हातात धरून चालतच घरी आले. इतकी वर्षं ज्या नावानं सारी शाळा त्यांना ओळखत होती, ते नाव आज त्यांच्या कानावर आलं होतं. सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्याच घरात माहीत होतं. निरोप समारंभात मुख्याध्यापक त्यांच्याबद्दल काहीतरी बोलले होते आणि सभागृह हसलं होतं. गुरुजीही सोबत हसले होते, न कळता. आता त्या हसण्याचा अर्थ लागला.

पुढचे आठ-दहा दिवस त्यांना विचित्र गेले. एकदा कान तिकडे लागल्यावर त्यांना गावभर तेच ऐकू यायला लागलं. केवळराम प्रत्येक गिऱ्हाइकाला टेन्शन घेऊ नका म्हणे, ज्याच्या डोक्यात टेन्शन नव्हतं त्यालाही. शेजारच्या आनंदाबाई अख्ख्या आळीची खबर देऊन झाल्यावर "मले का करायचं" म्हणत, आणि मग पुढची खबर सुरू करत. बॅंकेतला मुलगा मान वर न करता "दोन मिनिटं" म्हणे आणि अर्धा तास लावी. रस्त्यात भेटणारा प्रत्येक ओळखीचा माणूस सगळं बोलून झाल्यावर "बाकी काय विशेष?" विचारी, बाकी काहीच विशेष नसे, हे दोघांनाही ठाऊक असे. एरवी हे शब्द पंख्याच्या आवाजासारखे कानावरून जायचे. आता एकेक टोचायला लागला. आणि त्या सगळ्यांत सर्वांत जास्त टोचायचा तो स्वतःचा. तोंडातून निघून गेल्यावर कळायचा. दुधवाल्याला, "उद्या अर्धा लिटर जास्त लागेल, समजलं का." संपलं. गेला.

मग त्यांनी बोलणंच कमी केलं. वाक्य बोलायचे, शेवटी जीभ आवळून धरायचे, आणि ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत उभा राहायचा. पार्वताबाई म्हणायची, "पुढं?" गुरुजी म्हणायचे, "काही नाही." घर एकदम शांत झालं. ती शांतता पार्वताबाईलाही आवडली नाही.

भावना या सगळ्यात दवाखान्यात जात होती, येत होती. रडली-भांडली नाही. एका सकाळी ड्यूटीला निघताना ती वडिलांच्या खुर्चीपाशी थांबली.

"बाबा, मले त्याच घरी जायचं आहे. आज नाही तर वर्षानं. पण तुमी तिकडं जा, असं मी म्हणणार नाही."

"त्यांचा राग गेला का?"

"त्याईचा तुमच्यावर राग नाहीच. अंकुश म्हणते, तो शब्द ऐकला का त्याच्या बाबाले काहीतरी होते. टीव्हीवर कोणी म्हटलं तरी उठून जातात."

"कोणता शब्द?"

भावनानं नुसतं पाहिलं. गुरुजींना समजलं.

त्याच दिवशी त्यांनी पवनीची एसटी धरली आणि कोंढ्याला उतरले. तिथून नव्या गावठाणाकडे दीडेक कोस पायी. रस्ता सरळ, नवा, दोन्ही बाजूंना सावली नाही. लावलेली झाडं अजून माणसाच्या खांद्याएवढीच होती. गावठाणात शिरल्यावर ते चुकले. सगळे प्लॉट सारख्या मापाचे, गल्ल्या काटकोनात, घरांवर खडूनं आकडे. एका म्हातारीनं, रंभाबाई तिचं नाव, त्यांना गुलाबभाऊंच्या दारापर्यंत आणून सोडलं. वाटेत तिनं सांगितलं की ती स्वतः अजून कधी कधी दुसऱ्याच्या घरात शिरते.

गुलाबभाऊ अंगणात लाखोरीचं कडधान्य झोडपत होते. वाळलेल्या वेलांचा ढीग, हातात काठी, अंगावर भुसाची पिवळी धूळ. धानाचं शिवार पाण्यात गेलं होतं. उंचावरचा दोन एकरांचा तुकडा तेवढा उरला होता, त्यातली ही लाखोरी. त्यांनी गुरुजींना पाहिलं, काठी थांबवली, आणि चेहऱ्यावर राग किंवा आनंद काही न दाखवता बाज पुढे ओढली.

"बसा."

गुरुजी बसले. गोदावरीबाईनं पाणी आणून दिलं आणि ती आत गेली. गुलाबभाऊ पुन्हा झोडपायला लागले. थोडा वेळ गुरुजींनी ते पाहिलं. मग बाजेवरून उठून दुसरी काठी घेतली आणि ढिगाच्या पलीकडे उभे राहिले. लहानपणी हे काम त्यांनी केलेलं होतं. चार-पाच फटक्यांत सदरा भुसानं भरला आणि मान खाजायला लागली. ढीग निम्मा झाल्यावर गुलाबभाऊच थांबले.

"गुरुजी, त्या दिवशी मी जास्त बोललो."

"नाही. मीच जास्त बोललो."

"तसं नाही जी." ते खाली उकिडवे बसले. गुरुजीही बसले. "तुमी चांगलंच सांगून राहिले होते. दाखल्याचं तुमी म्हटलं, ते खरंच निघालं. अंकुशच्या दाखल्यावर जुनं नाव आहे." त्यांनी लाखोरीचे दाणे मुठीत घेतले, फुंकर मारली. "आमच्या जुन्या गावात एकदा सभा झाली. समाजमंदिरात. एक साहेब आला होता, नकाशा घेऊन. भला माणूस होता. आवाज चढवला नाही त्यानं. धरणाचं पाणी कुठवर येईल, कोणाचं काय जाईल, हे तो सांगे. इतके मीटर, तितके मीटर. अन् हर वाक्यापाठी मले विचारे, समजलं का काका? मी पहिल्या ओळीत सतरंजीवर बसलो होतो नं. मी म्हणो, हाव साहेब."

"समजत होतं?"

"एक अक्षर नाही." गुलाबभाऊ गुरुजींकडे न पाहता बोलत होते. "पण साऱ्या गावासमोर कसं म्हणावं का मले नाही समजलं? मी हाव म्हणो, तर मागचे म्हणत, गुलाबले समजलं, म्हणजे ठीक आहे. त्याईनं बी हाव म्हटलं. सभा आटोपली, चहा झाला. मंग चार वर्षांनी पाणी आलं. माह्या विहिरीच्या काठावर आलं तेव्हा मले समजलं. त्याच्याअगोदर नाही."

आत भांड्याचा आवाज झाला. गल्लीतून एक बकरी आली आणि लाखोरीच्या ढिगाकडे वळली, तिला गुरुजींनी हाकललं.

"लोकं मले काही म्हणत नाहीत," गुलाबभाऊ म्हणाले. "पण मीच 'हाव' म्हटलं होतं. तो शब्द कोणी म्हटला का मले पुन्हा त्या सतरंजीवर बसवल्यासारखं वाटते."

गुरुजींना एक जुनी गोष्ट आठवत होती, आणि ती सांगावी की नाही हे ठरत नव्हतं. शेवटी त्यांनी सांगितली. धुरपता नावाची एक मुलगी होती त्यांच्या वर्गात, सहावीला. वर्गाला समजलं का म्हटलं की साठ पोरं एका सुरात "हो गुरुजी" म्हणत. एके दिवशी ही एकटी उभी राहिली आणि म्हणाली, नाही समजलं. व्यवहारी अपूर्णांक चालले होते. गुरुजींनी तेच उदाहरण, त्याच शब्दांत, जरा मोठ्यानं पुन्हा सांगितलं. आणि विचारलं, आता समजलं का? ती म्हणाली, हो गुरुजी, आणि खाली बसली.

"तिला समजलं नव्हतं," गुरुजी म्हणाले. "मला तेव्हाही माहीत होतं. पण तास संपत आला होता."

गुलाबभाऊंनी मान हलवली. मग गुरुजींनी विचारलं, "त्या सभेत तुम्हाला नेमकं काय समजलं नव्हतं?"

हा प्रश्न गुलाबभाऊंना आजवर कोणी विचारला नसावा. त्यांनी बराच विचार केला.

"ते मीटर," ते म्हणाले. "पाणी इतक्या मीटरवर येईल म्हणे. कायपासून इतकं? जमिनीपासून म्हणावं तर जमीन कुठं उंच, कुठं खोल. तो म्हणे समुद्रापासून. आता समुद्र कुठं अन् आमी कुठं? मी जलमात समुद्र पाहिला नाही. माह्या विहिरीजवळ तो समुद्र कसा मोजला त्यानं?"

गुरुजींनी सांगायला सुरुवात केली. समुद्रसपाटी म्हणजे काय, उंची म्हणजे काय. शब्द चांगले होते, पुस्तकातलेच. गुलाबभाऊ ऐकत होते, आणि मग म्हणाले, "नाही समजलं."

गुरुजींनी भुसात बोटानं रेघ ओढली. ही नदी, हे धरण, हा डोंगर. रेघेवर रेघ. गुलाबभाऊंनी वाकून पाहिलं. "नाही समजलं जी," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांच्या आवाजात लाज नव्हती.

गुरुजींनी रेघा पुसल्या. तिसऱ्यांदा तेच मोठ्यानं सांगावं अशी जुनी उबळ आली होती. ती त्यांनी गिळली. इकडेतिकडे पाहिलं. घराची मागची खोली अजून बांधायची होती, आणि अर्धवट भिंतीवर गवंड्याची पारदर्शक नळी गुंडाळून टांगलेली होती. तीच, ज्यात पाणी भरून गवंडी जोत्याची पातळी पाहतात.

"हे घर कोणी बांधलं?"

"मीच. गवंड्याच्या हाताखाली."

"मग नळी धरली असेल."

"धरली नं. दोन्ही टोकाले पाणी एकाच बराबरीत उभं राहते."

दोघांनी मिळून नळीत पाणी भरलं. गुरुजींनी एक टोक जोत्याशी धरलं आणि तिथे कोळशानं खूण केली. गुलाबभाऊ दुसरं टोक घेऊन अंगणाच्या कडेला, जमीन उतरत होती तिकडे गेले. नळीतलं पाणी हललं, स्थिरावलं. जोत्याशी जे घोट्याएवढं होतं, ते तिकडे त्यांच्या छातीशी आलं. गोदावरीबाई चहा घेऊन बाहेर आली तर एक भुसानं माखलेला मास्तर भिंतीशी वाकलेला आणि तिचा नवरा कुंपणाशी नळी छातीला लावून उभा.

"लग्न जुळायच्या अगोदरच इवाई-इवाई घर मोजून राहिले का?" ती दोन्ही व्याह्यांकडे पाहत म्हणाली.

गुलाबभाऊंचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते नळीतल्या पाण्याकडे पाहत होते.

"म्हणजे अशी एक खूण समुद्राजवळ केली," ते सावकाश म्हणाले, "अन् नळी धरत धरत, खूण पुढं नेत नेत इकडवर आणली."

"हो. नळी नाही, दुर्बीण असते त्यांच्याकडे. पण काम तेच."

"अन् धरणाची भिंत किती उंच, ते त्या खुणेवरून ठरवलं. मंग तीच बराबरी गावागावात पाहिली. ज्याच्या डोक्यावरून गेली त्याचं गाव उठलं."

"हो."

"हे सभेच्या किती अगोदर झालं?"

"फार अगोदर," गुरुजी म्हणाले. "धरणाचा नकाशा काढतानाच. तुमच्या सभेच्या पंधरा-वीस वर्षं अगोदर असेल."

गुलाबभाऊंनी नळी खाली केली. पाणी त्यांच्या पायावर सांडलं, ते त्यांना कळलं नाही. ते बाजेवर येऊन बसले.

"म्हणजे मी नाही म्हटलं असतं तरी..."

"पाणी तिथेच आलं असतं."

"अन् साऱ्या गावानं नाही म्हटलं असतं तरी?"

"भांडता आलं असतं. जमिनीच्या मोबदल्यासाठी, इथल्या सोयींसाठी. ते तुम्ही भांडलातच असाल. पण ती खूण नसती हलली."

"मंग मले कायले विचारे तो, समजलं का म्हणून?"

याचं उत्तर गुरुजींकडे होतं, पण ते त्यांचं स्वतःचं होतं. "बोलणाऱ्याला बरं वाटतं," ते म्हणाले. "पुढच्या वाक्याला जाता येतं."

गुलाबभाऊंनी चहाचा कप घेतला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला. डोळ्यांत पाणी आलं होतं असं गुरुजींना वाटलं. भुसाचंही असू शकेल. गोदावरीबाई जोत्यावर टेकली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं. बऱ्याच वेळानं गुलाबभाऊ चहा एका दमात प्यायले.

"थंडा झाला," ते म्हणाले.

"दुसरा ठेवते," गोदावरीबाई म्हणाली.

दुसऱ्या चहावर लग्नाचं बोलणं झालं. बोलणं असं फार नव्हतंच. गुरुजींच्या खिशात आज कागद नव्हता. मंडप अड्याळला की इथे, हे त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट पाहत थांबले. गुलाबभाऊ म्हणाले, तसं नाही जी, इथं नव्या गावात अजून एकही लग्न झालं नाही, इथं झालं तर गावाले बरं वाटेल. गुरुजींना या वेळीही 'तसं नाही' थोडंसं खटकलंच. पण मागचं वाक्य त्यांना पटलं. लग्न इथेच करायचं ठरलं. वैशाखात, बुद्धपौर्णिमेच्या मागेपुढे, सकाळच्या वेळी.

गुलाबभाऊंनी त्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून कोंढ्यापर्यंत आणून सोडलं. वाटेत एका ठिकाणी, जिथे रस्ता जरा उंचावर जातो, तिथे गुलाबभाऊंनी ब्रेक दाबला आणि डावीकडे बोट केलं. दूर, झुडपांच्या पलीकडे पाण्याची एक चकाकती पट्टी होती. "त्या तिकडं," ते म्हणाले. गुरुजींनी पाहिलं. मग गुलाबभाऊंनी पुन्हा पायडल मारलं.

एसटी आली तेव्हा उन्हं कलली होती. गुरुजींना खिडकीची जागा मिळाली. मानेला अजून खाज सुटत होती. कंडक्टर साऱ्यांना "पुढं चला, पुढं जागा आहे" म्हणत होता; पुढे जागा नव्हती. गुरुजींनी तिकीट घेतलं आणि डोळे मिटले.

पार्वताबाई दारातच होती. तिनं आधी सदऱ्याकडे पाहिलं आणि मग तोंडाकडे.

"लाखोरी झोडपली," गुरुजी म्हणाले. "लग्न वैशाखात. त्यांच्या गावात."

"अन् समजूत कशी काढली?"

"काढली नाही. गणित केलं दोघांनी."

पार्वताबाईला यातलं काही कळलं नाही, पण तिनं तो विषय लांबवला नाही. तिच्या डोक्यात पुढचं सुरू झालं होतं. "त्याईच्याकडची माणसं किती? आपली किती न्यायची? स्वयंपाक कोणाचा?"

"ते विचारायचं राहिलं."

"दिवसभर बसले अन् हे नाही विचारलं?"

भावना ड्यूटीवरून येऊन आतल्या खोलीत होती. फोन कानाला लावलेलाच होता. ती दारात आली, फोनवर हात ठेवला आणि आईला म्हणाली, "त्याईचे दीडशे. स्वयंपाकाचं गाव मिळून करणार. तुमी फक्त भाजी कोणती ते सांगा, असं अंकुश म्हणते."

पार्वताबाई खाली बसली आणि विचार करायला लागली. वांग्याची करावी, वैशाखात वांगी चांगली मिळतात का, की आलू-वाटाण्याची करावी. गुरुजींनी सदरा काढून झटकला आणि हात-पाय धुवायला मागे गेले.